पीडीएफ ब्राउझरमध्ये न उघडता थेट उतरवून घेता याव्यात, यासाठी सर्व्हरला कोणती सूचना द्यावी?

ग्रंथसेवक (मूळ प्रश्न)

नमस्कार. एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम मी पाहतो. वाचनालयाच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या नियतकालिकांचे, स्वामित्वहक्काची मुदत संपलेले सुमारे ३०० अंक आम्ही पानापानाने स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात ठेवले आहेत. एकेक फाइल २५ ते ६० एमबीची आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिमुद्रित केलेली काही वाचनेही एमपी-थ्री स्वरूपात आहेत. होस्टिंग सामायिक असून त्यावर अपाचे सर्व्हर आहे, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

अडचण अशी की, पीडीएफच्या दुव्यावर बोट ठेवताच ती ब्राउझरच्याच टॅबमध्ये उघडते आणि ती आपल्या फोनमध्ये आली, असा वाचकाचा समज होतो. गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका फोन घेऊन वाचनालयात आल्या. त्यांनी घरच्या वायफायवर एक अंक उघडला होता, पहिली दहा पाने वाचलीही होती, आणि उरलेला अंक गावी निवांत वाचू, म्हणून त्या एसटीने निघाल्या. गावी रेंज नाही. तेथे टॅब उघडला, तर पांढरे पान आणि वरच्या बाजूला फिरत राहिलेले चक्र. त्यांच्यासारखे वाचक बरेच आहेत आणि आमचा हा सारा खटाटोप मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

मी दोन उपाय करून पाहिले. पहिला असा की, 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' या अपाचेला फोल्डरपुरत्या सूचना देणाऱ्या फाइलमध्ये पीडीएफचा प्रकार 'अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम' असा जाहीर केला. त्यामुळे संगणकावर फाइल उतरू लागली. परंतु काही अँड्रॉइड फोनांवर उतरलेल्या फाइलला स्पर्श केला, की 'ही फाइल उघडता येत नाही' असा संदेश येतो. दुसरा उपाय म्हणून एका संकेतस्थळावरून पीएचपीची एक छोटी स्क्रिप्ट घेतली. दुव्यात तिला फाइलचे नाव द्यायचे आणि ती फाइल वाचून ब्राउझरकडे पाठवते. तिने फाइल उतरते, पण देवनागरी नावाच्या जागी अनाकलनीय चिन्हांची रांग येते, किती टक्के उतरली ते दिसत नाही, आणि मध्येच रेंज गेली, तर ६० एमबीची फाइल पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते.

यासाठी योग्य पद्धत कोणती, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

रहाटगाडगे

ग्रंथसेवक, नमस्कार. मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक विनंती करतो: ती पीएचपी स्क्रिप्ट आजच्या आज सर्व्हरवरून काढून टाका. आपल्या वर्णनावरून ती दुव्यात आलेले नाव जसेच्या तसे घेऊन फाइल उघडते, असे दिसते. मग कोणीही त्या नावाच्या जागी दोन टिंबे आणि तिरपी रेघ अशी जोडी दोन-तीनदा लिहून फोल्डरच्या बाहेर पडू शकतो आणि डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे, ती मागवू शकतो. स्क्रिप्ट ती फाइलही तितक्याच तत्परतेने त्याच्या हाती देईल. स्क्रिप्ट काढल्यावर सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये तिच्या नावापुढे अशी टिंबे आलेली आहेत का, ते अवश्य पाहा आणि आढळल्यास पासवर्ड बदला.

आता मूळ मुद्दा. सर्व्हर फाइल पाठवतो तेव्हा तिच्या पुढे काही हेडर, म्हणजे तिच्याविषयीच्या माहितीच्या ओळी, पाठवतो आणि आपल्या कामाचे हेडर दोन आहेत. 'कंटेंट-टाइप' हा ही फाइल काय आहे, ते सांगतो. 'कंटेंट-डिस्पोझिशन' हा तिचे काय करावे, ते सांगतो. दुसऱ्याची किंमत 'इनलाइन' असेल, किंवा तो हेडर नसेलच, तर ब्राउझर त्याला येत असलेला प्रकार स्वतः दाखवतो. किंमत 'अटॅचमेंट' असेल, तर तो फाइल जतन करतो. हा हेडर मुळात ई-मेलसाठी जन्माला आला. पत्रासोबतचे चित्र मजकुरातच दाखवायचे, की जोडपत्र म्हणून बाजूला ठेवायचे, हे सांगण्यासाठी तो १९९५ मध्ये मांडला गेला आणि १९९७ च्या आरएफसी २१८३ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजात पक्का झाला. ब्राउझर तो आधीपासून पाळत होतेच. वेबसाठीचे त्याचे नियम २०११ च्या आरएफसी ६२६६ मध्ये नीट लिहिले गेले. 'अटॅचमेंट' म्हणजे जोडपत्र हा शब्द तेथून आला आहे.

आपल्या पहिल्या उपायात नेमके काय चुकले, ते यावरून ध्यानात येईल. काय करावे, ते सांगण्यासाठी आपण काय आहे, तेच बदलून सांगितले. 'ऑक्टेट-स्ट्रीम' याचा अर्थ 'हे नुसते बाइट आहेत, याहून अधिक मला माहीत नाही' एवढाच होतो. ब्राउझरला ते दाखवता येत नसल्याने तो फाइल जतन करतो खरा, परंतु अँड्रॉइडसुद्धा तोच प्रकार लक्षात ठेवतो आणि नंतर फाइल उघडण्याची वेळ आली, की पीडीएफ वाचणारे अ‍ॅप तिच्याशी जोडता येत नाही. अनेक ठिकाणी हाच उपाय सुचवलेला दिसतो, आणि कोठे कोठे तर 'फोर्स-डाउनलोड' असा नोंदणीत कधीच नसलेला प्रकारही लिहिलेला असतो. दोन्हींचा परिणाम सारखाच. पीडीएफला पीडीएफच म्हणावे आणि जतन करण्याची सूचना दुसऱ्या हेडरमधून द्यावी.

अपाचेमध्ये यासाठी 'मॉड-हेडर्स' हे मोड्यूल लागते. ज्या फोल्डरमध्ये अंक आहेत, त्यातील 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये आधीची प्रकार बदलणारी ओळ काढा आणि 'फाइल्समॅच' असा एक विभाग उघडा, ज्याच्या अटीत 'नावाच्या शेवटी टिंब आणि त्यानंतर पीडीएफ किंवा एमपी-थ्री' असा नमुना असेल. विभागाच्या आत 'हेडर सेट कंटेंट-डिस्पोझिशन अटॅचमेंट' ही एकच ओळ लिहा आणि विभाग बंद करा. (येथे मी शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, फाइलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत टंकावेत.) नमुन्यातील टिंबाच्या आधी उलटी तिरपी रेघ आणि शेवटी डॉलरचे चिन्ह विसरू नका, टिंबाआधीची रेघ राहिली, तर टिंब कोणत्याही अक्षराशी जुळते.

पुष्कळ जण या ओळी 'इफ-मोड्यूल' या अटीत गुंडाळतात. तसे आपण निदान सुरुवातीला करू नये, असे माझे मत आहे. त्या अटीमुळे मोड्यूल नसेल, तर ओळी मुकाट्याने वगळल्या जातात आणि आपण तासन्‌तास चूक शोधत बसतो. अट न घालता मोड्यूल नसेल, तर ५०० क्रमांकाची त्रुटी येते आणि एरर लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलेले असते. चालू संकेतस्थळ बंद पडू नये, म्हणून हा प्रयोग आधी एका वेगळ्या चाचणी फोल्डरमध्ये, एकच पीडीएफ ठेवून करावा.

असे केल्याने टक्केवारीचा आणि पुन्हा पहिल्यापासून घेण्याचा प्रश्नही सुटेल. अपाचे फाइल स्वतः पाठवतो, तेव्हा तिचा आकार आधी सांगतो, म्हणून ब्राउझरला टक्केवारी दाखवता येते. आणि 'मला अमुक बाइटपासून पुढचे दे' ही मागणीही तो पुरी करतो, म्हणून ३८ एमबीवर तुटलेली फाइल ३८ एमबीपासून पुढे चालू राहू शकते. आपल्या स्क्रिप्टला या दोन्ही गोष्टी कोणी शिकवलेल्या नव्हत्या.

ग्रंथसेवक

आपले मनापासून आभार. स्क्रिप्ट त्याच क्षणी काढली. लॉगमध्ये संशयास्पद काही आढळले नाही, तरीही पासवर्ड बदलून घेतला.

चाचणी फोल्डर केला आणि ओळी सांगितल्याप्रमाणे लिहिल्या. ५०० ची त्रुटी आली नाही. मात्र फाइल अजूनही टॅबमध्येच उघडते. ओळीत मुद्दाम चुकीचा शब्द लिहून पाहिला, तेव्हा फोल्डरमधील एचटीएमएल पानाला ५०० ची त्रुटी आली, परंतु पीडीएफ तशीच उघडली. याचा अर्थ मला लागत नाही.

लेखणी-टाक

ग्रंथसेवक, आपण केलेली ही शेवटची चाचणी फार उपयोगी आहे. उत्तर तिच्यातच आहे. चुकीच्या ओळीमुळे एचटीएमएल पान अडते आणि पीडीएफ अडत नाही, याचा अर्थ पीडीएफची मागणी अपाचेपर्यंत पोहोचतच नाही. बऱ्याच सामायिक होस्टिंगांवर पुढच्या दारात एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर उभा असतो. चित्रे, पीडीएफ, ध्वनिफाइली अशा न बदलणाऱ्या गोष्टी तो डिस्कवरून स्वतःच उचलून देतो आणि उरलेल्या मागण्या तेवढ्या मागे अपाचेकडे पाठवतो. एनजिनएक्स 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' वाचत नाही, म्हणून आपली ओळ बरोबर असूनही ती वाचणारा तेथे कोणी नाही.

खात्री करून घ्यायची, तर ब्राउझरवर विसंबू नये, कारण त्याच्याकडे जुनी प्रत हेडरांसह साठवलेली असू शकते. 'कर्ल' हे साधन विंडोज १० च्या २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत, मॅकवर आणि बहुतेक लिनक्सवर आधीच असते. त्याला उणे-चिन्ह आणि मोठा 'आय' देऊन पुढे फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला, की फक्त हेडर छापून येतात. त्यांत 'कंटेंट-डिस्पोझिशन' नसेल आणि 'सर्व्हर' या ओळीत एनजिनएक्स असेल, तर माझा तर्क बरोबर आहे. मग होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'स्थिर फाइली थेट एनजिनएक्सकडून' अशा अर्थाची सोय आणि तिच्यापुढे फाइलप्रकारांची यादी आहे का, ते पाहा. त्या यादीतून पीडीएफ आणि एमपी-थ्री काढले, की त्या मागण्या अपाचेकडे जातील. यादी आपल्या हाती नसेल, तर होस्टिंगच्या मदत-कक्षाला हीच गोष्ट याच शब्दांत लिहा. 'डाउनलोड होत नाही' एवढेच लिहिले, तर उत्तरात ब्राउझरची सेटिंग तपासायला सांगतील.

ज्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे आणि त्यावर केवळ एनजिनएक्सच आहे, अशा वाचकांसाठी थोडे अधिक लिहिते, कारण येथे एका गोष्टीने मला पूर्वी दोन दिवस अडवून ठेवले होते. पीडीएफशी जुळणारा 'लोकेशन' विभाग करून त्यात 'अ‍ॅड-हेडर कंटेंट-डिस्पोझिशन अटॅचमेंट' लिहिले, की काम होते. परंतु 'अ‍ॅड-हेडर'चा वारसा सर्वसाधारणपणे असा चालतो की, आतल्या विभागात एकही अशी ओळ आली, तर बाहेरच्या विभागातील सर्व 'अ‍ॅड-हेडर' ओळी त्या विभागापुरत्या गळून पडतात. माझ्याकडे सुरक्षेचे तीन हेडर बाहेरच्या 'सर्व्हर' विभागात होते आणि पीडीएफची ओळ लिहिल्या दिवसापासून तेवढ्या फाइलींवरून ते नाहीसे झाले होते. कोणतीही त्रुटी नोंदली गेली नव्हती. म्हणून बाहेरच्या ओळी आतही पुन्हा लिहाव्यात, किंवा एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडे 'इन्क्लूड' कराव्यात. बदल केल्यावर एनजिनएक्सला उणे-टी देऊन तपासणी करावी आणि मगच 'रीलोड' करावे.

सभासदांपुरत्याच मर्यादित फाइलींसाठी स्क्रिप्ट अटळ असते. अशा वेळी स्क्रिप्टने केवळ परवानगी तपासावी आणि 'एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट' हा हेडर देऊन फाइल पाठवण्याचे काम एनजिनएक्सवर सोपवावे. अपाचेमध्ये हेच काम 'एक्स-सेंडफाइल'ने होते, मात्र त्याचे मोड्यूल वेगळे बसवावे लागते. आपल्या वाचनालयाला सध्या त्याची गरज नाही.

ग्रंथसेवक

तर्क अचूक निघाला. कर्लच्या उत्तरात एनजिनएक्सच होते. होस्टिंगच्या मदत-कक्षाला आपण सुचवलेल्या शब्दांत लिहिले आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी यादी बदलून दिली. आता 'कंटेंट-डिस्पोझिशन' हेडर दिसतो, फाइल थेट उतरते आणि फोनवर पीडीएफ म्हणूनच उघडते. रेंज बंद-चालू करूनही पाहिले. माझ्या फोनवर उतरणे जेथे थांबले, तेथूनच पुढे सुरू झाले.

मात्र तीच ओळ संपूर्ण संकेतस्थळासाठी लावल्यावर दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या. मुखपृष्ठावर महिन्याचे सूचनापत्रक आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातच बसवलेल्या चौकटीत, दाखवलेले आहे. आता मुखपृष्ठ उघडताच ते पत्रक आपोआप उतरू लागते आणि त्या चौकटीची जागा रिकामी राहते. शिवाय अंक नुसता चाळून पाहू इच्छिणाऱ्या वाचकांचीही आता गैरसोय होते. दुसरी अडचण जुनीच आहे, पण तिच्याकडे आता लक्ष गेले: 'दुसऱ्या वर्षाचा अंक' अशा नावाच्या ११ फाइली आहेत आणि त्यांतील काहींच्या दुव्यांवर ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही' ही त्रुटी, येते. फोल्डरमध्ये फाइल समोर दिसते, दुव्यातील नावही अक्षरशः तेच दिसते.

सह्यकडा

ग्रंथसेवक, पहिल्या अडचणीचे उत्तर थोडक्यात देतो आणि दुसरीवर सविस्तर लिहितो, कारण ती आपल्या भाषेची अडचण आहे आणि तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले मला आढळले नाही.

आयफ्रेममधील फाइलला 'अटॅचमेंट' म्हटले, की ब्राउझर ती उतरवतोच. चित्राच्या किंवा ध्वनीच्या घटकात मात्र तो ही सूचना मनावर घेत नाही, म्हणून आपल्या पानांवरील एमपी-थ्री पूर्वीप्रमाणेच वाजत राहतील. सर्वांना एकच सूचना देण्याऐवजी तिला अट घाला. अपाचेच्या २.४.१० आवृत्तीपासून 'हेडर' ओळीच्या शेवटी 'एक्स्पर' लिहून अट देता येते: दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर 'जतन' हा शब्द रोमन अक्षरांत आला असेल, तरच हेडर लावावा. मग प्रत्येक अंकापुढे दोन दुवे ठेवता येतात, 'येथेच वाचा' हा साधा आणि 'फोनमध्ये जतन करा' हा प्रश्नचिन्हासह. फाइल एकच, पत्ता एकच, फरक फक्त त्या शेपटाचा. दुसऱ्या दुव्यासमोर आकडा लिहायला विसरू नका. ४८ एमबी आहे, हे आधी कळले, तर माणूस वायफाय मिळेपर्यंत थांबतो.

दुव्याच्या एचटीएमएलमध्ये 'डाउनलोड' हा गुणधर्म लिहूनही जतन करवता येते आणि फाइल व पान एकाच संकेतस्थळावर असल्याने तो आपल्याकडे चालेल. आयफोनच्या सफारीतही तो २०१९ च्या आयओएस १३ पासून चालतो. पण तो गुणधर्म फक्त आपल्या पानावरून केलेल्या क्लिकला लागू होतो. आपल्याकडे दुवे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, तेथे फक्त पत्ता जातो, गुणधर्म मागेच राहतो. म्हणून सर्व्हरचा हेडर आवश्यकच आहे. तरीही हा गुणधर्म आपल्याला एका वेगळ्या कामासाठी लागणार आहे, ते पुढे सांगतो.

आता 'दुसऱ्या'कडे वळतो. या शब्दातील र आणि य यांचा जोड, ज्याला आपण चंद्रकोरीसारखी आडवी खूण करतो, तो युनिकोडमध्ये निदान तीन तऱ्हांनी साठवला जातो आणि तिन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्यानंतर हलन्त आणि य. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, आणि य. पहिल्या तऱ्हेने 'दुसऱ्या' या शब्दाचे २१ बाइट होतात, उरलेल्या दोन्ही तऱ्हांनी २४. आणि त्या दोन २४ बाइटांतही साम्य नाही. लिनक्सवरील सर्व्हर फाइलचे नाव बाइटांची रांग म्हणून जुळवतो. त्याच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी नावे आहेत, म्हणून ४०४.

ही नावे वेगळी कशी झाली, याचा अंदाज बांधता येतो. एका टंकलेखन-साधनात जोडकाची तऱ्हा उमटते, दुसऱ्यात 'ऱ'ची; फाइलला एकाने नाव दिले आणि दुवा दुसऱ्याने टंकला, की झाले. आणि फाइली एखाद्या जुन्या मॅकवरून आल्या असतील, तर २०१७ मध्ये एपीएफएस ही नवी प्रणाली येण्यापूर्वी तेथे वापरात असलेली एचएफएस-प्लस ही फाइल-प्रणाली 'ऱ' फोडून र आणि नुक्ता असेच साठवत असे. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडने सममूल्य मानल्या आहेत, त्यामुळे एकीचे दुसरीत रूपांतर करणारी साधने तयार मिळतात. जोडकाची तऱ्हा मात्र त्यांच्याशी सममूल्य नाही आणि ती आपल्यालाच शोधून बदलावी लागते. 'तऱ्हा', 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांचा', 'कैऱ्या' असे शब्द ज्या ज्या नावात असतील, तेथे हा धोका आहे.

देवनागरी नावे वाईट, असे मी म्हणत नाही. वाचकाच्या फोनमध्ये नाव देवनागरीतच यावे, हा आपला आग्रह योग्यच आहे. पण पत्त्यात ती गैरसोयीची ठरतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ या साठवण-पद्धतीत ३ बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ अक्षरे खातो, म्हणून 'दिवाळी' या ६ चिन्हांच्या शब्दाची पत्त्यात ५४ अक्षरे होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असा लांबलचक पत्ता मध्येच कोठे तरी तुटतो. लिनक्सवर नेहमी आढळणाऱ्या ईएक्सटी-४ या फाइल-प्रणालीत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र मोजले जातात.

म्हणून माझी सूचना अशी: सर्व्हरवर फाइलींची नावे छोटी, रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, उदाहरणार्थ अंक, वर्ष, महिना. हेडरमध्ये केवळ 'अटॅचमेंट' असू द्या, नाव लिहू नका. आणि पानावरील दुव्यात 'डाउनलोड' गुणधर्माची किंमत म्हणून पूर्ण देवनागरी नाव लिहा. हेडरमध्ये नाव असेल, तर तेच वरचढ ठरते. नसेल, तर ब्राउझर गुणधर्मातील नाव घेतो. अशा रीतीने सर्व्हर साध्या नावावर चालेल आणि पानावरून जतन करणाऱ्या वाचकाला 'दुसऱ्या वर्षाचा अंक' असेच दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट आलेल्याला मात्र रोमन नाव मिळेल. ते टाळायचे असेल, तर नाव हेडरमध्ये द्यावे लागेल.

तेथेच आपली ती स्क्रिप्ट चुकली होती. हेडरमधील साध्या 'फाइलनेम' या जागेत देवनागरी बाइट तसेच कोंबले, तर काही ब्राउझर ते पश्चिम युरोपीय लिपीचे समजून वाचतात. प्रत्येक देवनागरी चिन्हाची तीन चिन्हे होतात: पहिले नेहमी डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ए, दुसरे चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि तिसरे तेवढे बदलते. आपल्याला दिसलेली रांग अशीच असेल, तर कारण हेच. त्यावरचा अधिकृत उपाय म्हणजे 'फाइलनेम' या शब्दाला तारांकन जोडून लिहायची दुसरी जागा. तिच्यात आधी 'यूटीएफ-८', मग दोन एकेरी अवतरणचिन्हे आणि मग टक्केवारी-रूपातील, म्हणजे प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह लिहिलेले, नाव लिहायचे असते. त्याचे सध्याचे नियम २०१७ च्या आरएफसी ८१८७ मध्ये आहेत. दोन्ही जागा भराव्यात, साधीत रोमन नाव आणि तारांकितात देवनागरी. तारांकित जागा समजणारा ब्राउझर तीच घेतो. टक्केवारी-रूप चुकून साध्या जागेत लिहू नये, कारण काही ब्राउझर ते उलगडतात आणि काही तसेच ठेवतात. ३०० फाइलींसाठी प्रत्येकी अशी ओळ लिहिणे हाताने शक्य नाही, म्हणून आपल्यासाठी गुणधर्माचाच मार्ग मला बरा वाटतो.

ग्रंथसेवक

सह्यकडा, आपण सांगितलेली तिन्ही रूपे सापडली. ११ पैकी ६ फाइलींच्या नावांत जोडक होता, ४ मध्ये 'ऱ' होते आणि एकीत नुक्ता होता. ती एक फाइल आमच्या एका सभासदाने आपल्या जुन्या मॅकवरून पाठवली होती.

सर्व ३०० फाइलींची नावे बदलली, प्रत्येक अंकापुढे दोन दुवे आणि एमबीचा आकडा दिला, आणि जतनाच्या दुव्यांत देवनागरी नावे लिहिली. सूचनापत्रक पुन्हा आयफ्रेममध्ये दिसू लागले आहे. काल त्या शिक्षिकांना बोलावून त्यांच्याच फोनवर अंक जतन करवला, इंटरनेट बंद केले आणि त्यांना तो स्वतः शोधून उघडायला सांगितले. डाउनलोडच्या यादीत नाव मराठीत असल्याने त्यांना तो लगेच सापडला.

एकच काम उरले आहे. जुने देवनागरी दुवे दोन वर्षांत पुष्कळ ठिकाणी पोहोचलेले आहेत, ते मोडू नयेत अशी इच्छा आहे.

रहाटगाडगे

त्यासाठी त्याच 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये प्रत्येक जुन्या नावासाठी 'रीडायरेक्ट ३०१' ही ओळ लिहा: आधी जुना मार्ग, मग नवा. अपाचे टक्केवारी-रूप उलगडल्यानंतर मार्ग जुळवतो, म्हणून जुने नाव अवतरणचिन्हांत साध्या देवनागरीतच लिहावे आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या बीओएम या अदृश्य चिन्हाशिवाय, जतन करावी. ते चिन्ह राहिले, तर काही आवृत्त्यांत पहिल्याच ओळीवर ५०० ची त्रुटी येते. प्रश्नचिन्हानंतरचे शेपूट अपाचे आपोआप पुढे नेतो. 'दुसऱ्या' असलेल्या ११ नावांसाठी मात्र प्रत्येकी तीन ओळी लिहा, तिन्ही तऱ्हांच्या, कारण कोणाच्या फोनमध्ये कोणती तऱ्हा जपून ठेवलेली आहे, ते आपल्याला येथून दिसणार नाही.